मिटल्या झाकणाआड

सिंधुदुर्गातल्या एका वाचनालयात, संदर्भ विभागाच्या लाकडी कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर एक काळा लॅपटॉप झाकण लावून ठेवलेला आहे. शेजारी राउटर, मागे भिंतीतला प्लग, वरच्या फळीवर पुठ्ठा सुटलेल्या जुन्या पोथ्या. तिथे पेपर वाचायला येणाऱ्यांना तो बंद पडलेला, कुणीतरी आणून टाकलेला वाटतो. मी पुण्यात, कोथरूडच्या घरी बसून रोज त्याच्यावर काम करते. गेल्या अडीच वर्षांत त्याचं झाकण जेमतेम दहा-बारा वेळा उघडलं गेलं असेल.

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. २०२३ च्या जूनमध्ये या वाचनालयाचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्याकडे दीडेकशे पुस्तकं अशी होती की पान उलटताना कडेचा तुकडा हातात यावा. गावातल्या कॉलेजच्या मुलांनी सुट्टीत बसून ती स्कॅन करायला घेतली होती. त्या स्कॅनवरून मजकूर तयार करायचा, तो मूळ पानाशी ताडून बघायचा आणि कुणालाही वाचता, शोधता येईल असा करून द्यायचा, एवढं माझं काम. पुस्तकं निवडताना एक नियम पाळला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट चालतो, आणि ती साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. म्हणजे १९६२ पर्यंत गेलेल्या लेखकांची पुस्तकं २०२३ मध्ये मोकळी झालेली होती. योगायोग असा की १९६२ हेच मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले ते वर्ष. त्यामुळे आमची जवळजवळ सगळी पुस्तकं जुन्या लेखनातली निघाली. ‘घरांत’, ‘त्यांनीं’, ‘कांहीं’ अशा अनुस्वारांनी भरलेली.

पहिला प्रश्न होता, हे काम कुठे बसून करायचं. ए-फाइव्ह आकाराचं एक पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलं की साधारण १३ एमबी होतं. दोनशे पानांचं पुस्तक म्हणजे अडीच जीबीच्या वर. दीडशे पुस्तकं म्हणजे चारशे जीबीच्या आसपास. वाचनालयाच्या इंटरनेटवरून वर चढवायचा वेग चार एमबीपीएसच्या पुढे जात नव्हता. त्या वेगाने सगळं पुण्याला पाठवायचं तर रात्रंदिवस सलग नऊ दिवस लागले असते, तेही एकदाही लाईट न जाता. पावसाळ्यातल्या कोकणात तशी अपेक्षा कुणी करत नाही. उलट त्याच दोनशे पानांचा मजकूर अक्षररूपात आला की एक एमबीसुद्धा भरत नाही, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असले तरी. तेव्हा पुस्तकं आहेत तिथेच यंत्र ठेवायचं, अवजड काम तिथेच होऊ द्यायचं आणि ये-जा करू द्यायची ती फक्त अक्षरांची, असं ठरलं.

यंत्र माझंच होतं. थिंकपॅड टी-४२०, २०११ चं मॉडेल. आय-फाइव्ह प्रोसेसर, दोन कोअर, आठ जीबी मेमरी. मूळची हार्ड डिस्क काढून मी त्यात एसएसडी घातली होती. नवा लॅपटॉप घेतल्यापासून हा कपाटात पडून होता. पडद्याचा रंग पिवळट झालेला, एक बिजागरी सैल. पण कीबोर्ड, पंखा, नेटवर्कचं पोर्ट ठणठणीत. त्याच्यावर डेबियन बारावी आवृत्ती टाकली, डेस्कटॉपशिवाय, नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. रात्रीच्या गाडीने तो घेऊन गेले, जोडला, चालू केला आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तेव्हा मला वाटलं होतं, झालं काम.

पुण्यात येऊन आत शिरायला बघते तर यंत्र गायब. ग्रंथपाल काकांना फोन केला.

“काका, लॅपटॉप चालू आहे ना?”

“आसा. मी कित्याक बंद करू?”

“दिवा लागलाय का?”

“झाकणार चंद्रासारखो दिवो आसा, तो लागलोहा.”

चंद्राचा दिवा म्हणजे यंत्र झोपलेलं. “झाकणावर? झाकण कोणी लावलं, काका?”

“मीच लावलंय. उघडा ऱ्हवला तर धूळ जायत, किडे जातीत, म्हणान लावलंय.”

मी त्यांना सांगितलं की झाकण उघडंच राहू द्या. त्यांनी ‘बरा’ म्हटलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. त्या वेळी वाचनालय बंद करताना सफाईला येणाऱ्या मावशींनी झाकण लावलं होतं. तिसऱ्या वेळी कुणी लावलं ते कळलंच नाही.

मग मी विचार करायला लागले. पावसाळ्यात दिव्याभोवती पंखांचे किडे कसे जमतात ते मी तिथल्या एका संध्याकाळी पाहिलं होतं. टेबलावर पंखांचा सडा पडतो. काका वाचनालय बंद करताना पेटीवर कापड घालतात, घड्याळाच्या काचेवरून हात फिरवतात, उघडं राहिलेलं पुस्तक मिटून ठेवतात. वस्तू झाकून ठेवणं ही त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीतली रीत आहे, आणि त्या रीतीमुळेच ती दीडशे पुस्तकं आजवर वाळवीपासून वाचली. त्यांनी लॅपटॉपची तीच काळजी घेतली होती. त्यांना ‘झाकू नका’ सांगणं म्हणजे त्यांच्या हाताला पडलेलं वळण मोडायला सांगणं. चूक त्यांची नव्हती. यंत्राला झाकलेल्या अवस्थेत काम करायला शिकवलं नव्हतं, आणि ते शिकवणं माझं काम होतं. मी पुन्हा गाडीत बसले. या वेळी चार दिवसांची सुट्टी काढून.

लॅपटॉपला झाकण लागल्याचं कळतं ते बहुधा एका चिमुकल्या चुंबकामुळे. चुंबक पडद्याच्या चौकटीत असतं आणि त्याची चाहूल घेणारा सेन्सर खाली, कीबोर्डच्या बाजूला. दोन्ही जवळ आले की यंत्राला निरोप जातो, माणूस उठला. पुढे काय करायचं ते ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते, आणि ठरलेलं उत्तर असतं, झोप. डेबियनमध्ये हे काम लॉगिन-डी नावाची सेवा बघते. तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘हँडल लिड स्विच’ अशी एक ओळ असते. तिच्यापुढे ‘सस्पेंड’ असतं, तिथे ‘इग्नोर’ लिहायचं, ओळीच्या सुरुवातीची खूण काढायची, फाइल साठवायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. विंडोजवाल्यांना हीच सोय पॉवर ऑप्शन्समध्ये, झाकण लावल्यावर काय करायचं या प्रश्नाच्या उत्तरात मिळते. तिथे ‘डू नथिंग’ निवडायचं.

बदल एका शब्दाचा, पण त्याने बाकीचे प्रश्न उभे केले. झाकण लावलं तरी पडदा आत जळत राहिला तर? कीबोर्डवर टेकलेला तापता पडदा वर्षभर तसाच राहिला तर? दहा मिनिटांनी पडदा विझावा अशी सूचना कर्नलला दिली. ती पाळली जाते का, हे झाकण लावल्यावर दिसणार कसं? संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर काकांना सगळे दिवे घालवायला सांगितले. मी जमिनीवर आडवी झाले आणि डोळा झाकणाच्या फटीला लावला. केसाएवढी निळसर रेघ दिसत होती. काका दाराशी उभे, बाहेर बेडकांचा आवाज. आम्ही दोघं काही न बोलता थांबलो. बऱ्याच वेळाने ती रेघ गेली. काळोख झाला, आणि त्या काळोखात पंख्याची बारीक घरघर तेवढी ऐकू येत राहिली. यंत्र मिटलेलं होतं आणि जागं होतं.

थिंकपॅडचा पहिला काळा ठोकळा, ७०० सी, १९९२ मध्ये आयबीएमने बाजारात आणला. त्याचं रूप ठरवणारे रिचर्ड सॅपर यांच्यासमोर जपानी बेंतो डबा होता. बाहेरून साधा काळा, आत काय आहे ते उघडल्यावरच कळावं असा. त्या संध्याकाळी मला हे आठवलं. आमचा डबा आता उघडायचाच नव्हता. आत काय चाललंय ते न उघडता कळायला हवं होतं. लांबून काम करायचं तर आधी जवळ बसावं लागतं, ही गोष्ट मी त्या चार दिवसांत शिकले. पडदा, बटणं, दिवे, आवाज यांच्यातून यंत्र जे सांगत असतं ते सगळं झाकणाखाली जाणार होतं. त्यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी दुसरी वाट काढून ठेवल्याशिवाय मला तिथून उठता येणार नव्हतं.

पहिली वाट उष्णतेची. सेन्सर बघणारी एक आज्ञा असते, ती दिली की प्रोसेसरचं तापमान अंशांत कळतं. नुसतं बसलेलं असताना ४८. अक्षरओळखीचं काम लावलं की उघड्या झाकणाने ७८, मिटल्या झाकणाने ८४. हा प्रोसेसर शंभराच्या जवळ गेला की स्वतःच मंद होतो, पण तिथवर रोज न्यायचं नव्हतं. पंखा उघडून बघितला तर जाळीत नमद्यासारखा धुळीचा थर. तो काढला, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावली. गावातल्या सुताराकडून सागाच्या दोन पट्ट्या आणून लॅपटॉप त्यांच्यावर ठेवला, म्हणजे खालून हवा जाईल. डाव्या कडेची जाळी भिंतीकडे होती ती मोकळ्या बाजूला वळवली. आणि एका वेळी एकच पान वाचायचं, असं बंधन कामाला घातलं. तापमान ७१ वर आलं. एका पानाला पंधरा-वीस सेकंद लागतात, दोनशे पानांना तासभर. रात्र मोठी असते, तेवढा वेग पुरतो.

दुसरी वाट विजेची. जुन्या लॅपटॉपचा मोठा गुण म्हणजे त्याच्या पोटातच बॅटरी असते. वेगळा यूपीएस लागत नाही. पण सतत प्लगला लावलेली, सतत शंभर टक्के भरलेली आणि सतत गरम राहिलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. हल्लीच्या चपट्या बॅटऱ्या तर फुगतात आणि टचपॅड वर उचलतात. तसं दिसलं की यंत्र ताबडतोब बंद करून बॅटरी काढायला हवी. आमच्या मॉडेलमध्ये आत टॉर्चच्या सेलसारखे गोल सेल आहेत. ते तसे फुगत नाहीत, पण थकतात. मूळच्या ५७ वॉट-अवर क्षमतेतले ३१ उरले होते. थिंकपॅडला चार्जिंग कुठे थांबवायचं ते सांगता येतं. मी ८० ला थांबवलं. काम बंद करून नुसतं जागं राहिलं तर यंत्र १२ वॉटच्या आसपास खातं, म्हणजे दोन तास निघतात. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. वीज गेली की अक्षरओळख थांबवायची, वीस टक्क्यांवर आलं की सगळं नीट मिटवून यंत्र बंद करायचं, वीज वेळेत परत आली की अर्धवट पानापासून पुढे चालू. नुसतं जागं राहण्याचे १२ वॉट म्हणजे महिन्याला नऊ युनिटांच्या आत. वाचनालयाच्या समितीला मी हा आकडा आधी सांगितला होता.

इथे एक अडचण राहिली, आणि ती अजून आहे. बॅटरी उतरून यंत्र बंद झालं तर ते परत चालू करायचं बटण कीबोर्डच्या वर, झाकणाच्या आत आहे. नेटवर्कवरून यंत्र उठवायची एक युक्ती असते. सहा बाइट भरीचे आणि त्यामागे यंत्राचा पत्ता सोळा वेळा, असा १०२ बाइटांचा एक संदेश पाठवायचा. पण तो पाठवायला त्याच जाळ्यात दुसरं कुणीतरी जागं लागतं. आमच्याकडे जागं राहणारं दुसरं यंत्र नव्हतं. काका होते. झाकण उघडायचं, मधलं बटण एकदाच दाबायचं, पंख्याचा आवाज आला की झाकण लावायचं, एवढं त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर आपल्या अक्षरात लिहून घेतलं आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

तिसरी वाट दाराची. पुण्याहून वाचनालयाच्या यंत्रापर्यंत सरळ जाता येत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे सार्वजनिक पत्ते कमी, त्यामुळे अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. १०० पासून सुरू होणाऱ्या पत्त्यांचं एक कुटुंब २०१२ पासून त्याचसाठी राखून ठेवलेलं आहे. अशा घराचं दार बाहेरून ठोठावता येत नाही. आतल्यानेच बाहेर हाक मारायची असते. म्हणून एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला आणि वायरगार्डने बोगदा काढला. वायरगार्ड २०२० मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्येच आलं, त्यामुळे या जुन्या यंत्रावर ते सहज बसलं. लॅपटॉप दर २५ सेकंदांनी त्या सर्व्हरला एक हाक देतो, मी आहे. त्याच वाटेने मी एसएसएचने आत जाते. एसएसएच १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी लिहिलं, त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं म्हणून. मी पासवर्डने शिरायची सोय बंदच केली, फक्त किल्लीची फाइल चालते. वाचनालयाच्या भरवशावर उघडलेलं दार आहे, ते नीट लावून घेणं ही माझी जबाबदारी.

इतकं सगळं करूनही सप्टेंबरमध्ये मी स्वतःला बाहेर कोंडून घेतलं. फायरवॉल घट्ट करायला बसले होते. बाहेरून येणारं सगळं बंद, अशी आज्ञा दिली आणि आपल्या दाराला त्यातून सूट द्यायची राहिली. तेव्हाचं जोडलेलं कनेक्शन चालूच राहिलं, त्यामुळे काही कळलं नाही. काम संपवून बाहेर पडले, सकाळी परत जाते तर दार बंद. सर्व्हरवर बघितलं तर लॅपटॉप दर २५ सेकंदांनी हाक देतोय, मी आहे, मी आहे. त्याचा आवाज मला ऐकू येतोय आणि मला आत जाता येत नाही. तारीख होती १८ सप्टेंबर. दुसऱ्या दिवशी गणपती. कोकणात गणपतीत कुणाला वाचनालय उघडायला सांगायचं नसतं. मी आठवडाभर थांबले. रोज रात्री त्या हाका बघत असे.

गौरी-गणपतींचं विसर्जन झाल्यावर काकांनी स्वतःच फोन केला. त्यांनी झाकण उघडलं, मी फोनवर एकेक अक्षर सांगत गेले, ते एका बोटाने दाबत गेले. पासवर्ड विचारला तेव्हा ते थांबले.

“गो बाय, मी दाबतंय, पण थंय काय उमटणा नाय.”

“उमटत नाहीच काका. न दिसताच दाबायचं. तुम्ही बरोबर करताय.”

ते न दिसणाऱ्या अक्षरांवर विश्वास ठेवून दाबत राहिले. शेवटी एन्टर दाबलं, आणि इकडे माझ्या पडद्यावर दार उघडलं. तो पासवर्ड मी त्याच दिवशी बदलला. आणि तेव्हापासून दाराशी संबंधित कोणताही बदल करण्याआधी यंत्राला सांगून ठेवते, दहा मिनिटांत मी परत आले नाही तर हा बदल मागे घे. दुसऱ्याच्या गावात ठेवलेल्या यंत्रावर हात टाकताना परतीची वाट आधी बांधायची, मग पाऊल पुढे टाकायचं.

आता रोजचं काम कसं चालतं ते सांगते. रात्री नऊच्या सुमाराला आत जाते. टीमक्स नावाच्या खोलीत काम लावलेलं असतं. माझं कनेक्शन तुटलं तरी ती खोली तशीच राहते, परत गेलं की सगळं होतं तिथे. मी त्या दिवशी स्कॅन झालेल्या पुस्तकांचं फोल्डर दाखवते, टेसरॅक्ट या अक्षरओळखीच्या प्रोग्रामला मराठी वाचायला सांगते आणि बाहेर पडते. टेसरॅक्टची सुरुवात एचपीच्या प्रयोगशाळेत १९८५ मध्ये झाली, २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल नेटवर्कने ओळी वाचायला लागलं. रात्रभर ते यंत्र मिटल्या झाकणाखाली पानामागून पान वाचतं. सकाळी चहा घेताना मी अक्षरं खाली उतरवून घेते, पानांच्या हलक्या प्रतींसकट, आणि माझं खरं काम सुरू होतं.

यंत्राला जुन्या मराठी छपाईचं पान नीट वाचता येत नाही. न उच्चारले जाणारे अनुस्वार ते गाळतं, कारण ते नव्या मराठीवर शिकलेलं आहे. ‘मुलांनीं’ मधला शेवटचा ठिपका त्याला कागदावरचा डाग वाटतो. आणि वाळवीने पाडलेलं भोक कधी कधी त्याला अनुस्वार वाटतं. ‘दऱ्या’ मधला अर्धा र त्याला आडवी रेघ वाटतो. काही पुस्तकांत ‘अि’, ‘अी’, ‘अु’ अशी अ ची बाराखडी वापरली आहे, तिथे ते पुरतं गोंधळतं. एका पुस्तकात जुळाऱ्याकडे ‘ळ’ चे खिळे कमी पडले असावेत, शेवटच्या फर्म्यात वेगळ्याच वळणाचा ‘ळ’ आला होता, आणि यंत्राने तिथला प्रत्येक ‘ळ’ चुकवला होता. हे ठिपके परत जागेवर बसवणं म्हणजे माझी सकाळ. नव्या नियमांप्रमाणे ‘सुधारून’ दिलं असतं तर काम निम्म्या वेळात झालं असतं. पण त्या ठिपक्यांत त्या काळचं व्याकरण आहे. ‘त्यानें’ वरचा अनुस्वार ती तृतीया आहे हे सांगतो, ‘घरांत’ वरचा सप्तमी. तो पुसला की पुस्तक मिळतं, पण त्याची भाषा मिळत नाही.

२०२४ च्या जुलैत, ऐन पावसात, एके सकाळी तापमानाचा आकडा ९३ दिसला. मी आधी काम थांबवलं, मग फोन केला.

“वरसून पाणी गळता हा,” काका म्हणाले, “म्हणान मेणकापड घातलंय.”

छपराचं कौल सरकलं होतं आणि धार नेमकी त्या कपाटावर उतरत होती. मेणकापड घातलं नसतं तर यंत्र गेलंच असतं, आणि त्याच्या वरच्या फळीवरच्या पोथ्याही. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं की डावीकडून गरम हवा बाहेर पडते, ती कोंडतेय. फोन ठेवायच्या आत त्यांनी कपाट ओढून दोन हात बाजूला घेतलं, मेणकापड वरच्या फळीवर ताणून बांधलं आणि लॅपटॉपचं अंग मोकळं केलं. आकडा उतरताना मी इथे बघत होते. ८८, ८१, ७४. तेव्हापासून काका बंद करायच्या वेळी कपाटाशी येतात आणि हाताचा तळवा काही क्षण झाकणावर ठेवतात. पेटीवर कापड घालतात तसंच हेही त्यांच्या रोजच्या कामात आलं आहे.

गेल्या वर्षी, २०२५ च्या १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर लागतो, आमचा दुसऱ्या पिढीचा. माझ्या ओळखीच्या तीन घरांतून मला विचारणा झाली, जुना लॅपटॉप भंगारात देऊ का. मी प्रत्येकाला आधी दोन गोष्टी बघायला सांगितल्या, बॅटरी फुगलेली नाही ना आणि पंखा फिरतो का. या दोन्ही ठीक असतील तर पडदा फिका असो, बिजागरी मोडकी असो, त्यातलं यंत्र अजून काम करू शकतं. झाकण लावून ठेवायच्या यंत्राला पडदा कुठे लागतो? मला हे मनापासून वाटतं की घराघरांतल्या अशा यंत्रांना गावोगावच्या वाचनालयांत, शाळांत, संस्थांत जागा आहे. फक्त नुसतं देऊन चालत नाही. कुणीतरी तिथे जाऊन चार दिवस बसायला हवं.

ऐंशीच्या वर पुस्तकं झाली आहेत. यंत्राच्या तब्येतीची एक ओळ मला दररोज सकाळी सातला आपोआप येते. तापमान, बॅटरी, डिस्कवर उरलेली जागा, रात्रीत झालेली पानं. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी ती आली नाही. सर्व्हरवर हाकही नव्हती. शेवटची हाक पहाटे सव्वासहाची. बॅटरी उतरली, डिस्क गेली, पाणी शिरलं, की कपाटच पडलं, काहीच कळायला मार्ग नव्हता. बाहेरून आत बघण्याची मी केलेली प्रत्येक सोय राउटरच्या त्या एका डब्यातून जाते, आणि राउटरला बॅटरी नाही. मी फोन हातात घेतला तोच काकांचा संदेश आला. ते त्या दिवशी लवकर उघडायला गेले होते.

‘फाटपासून लाईट नाय. वायफायचो डबो मेलो. तुझा मशीन गरम आसा.’

मी फोन खाली ठेवला आणि आदल्या दिवशी उतरवून घेतलेली पानं तपासायला घेतली.